फेसाची उंची

"यांना म्हणावं, आता मशीनला हात नका लावत जाऊ," मशीनवाला म्हणाला. म्हणाला तो तिच्या मुलाला. ती दोघांच्या मधोमध उभी होती, हातात ओलं फडकं घेऊन, आणि तरी ते वाक्य तिच्या डोक्यावरून पलीकडे गेलं, आणि पलीकडे उभ्या असलेल्या मुलानं मान हलवून ते घेतलं. "हो, बघतो मी," तो म्हणाला. झालं ते एवढंच. कुणावर खापर फोडायचं म्हटलं तरी फोडायला माणूस सापडला नसता. मशीनवाला चांगला होता, चाळिशीचा, कामाला वाघ. तासभर गुडघ्यांवर बसून, मशीनच्या पायाशी असलेलं लहान झाकण उघडून त्यानं ताटलीत पाणी काढलं होतं, आणि पाणी तरी कसलं, सगळा फेसच. काढता काढता तो तिला समजावत होता. "मावशी, फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. लोकांना वाटतं, फेस जास्त तर कपडे जास्त निघाले. या फ्रंट लोडिंगला फेस चालतच नाही. आत कपडे वर जातात, खाली आपटतात, आपटून आपटून निघतात. मध्ये फेस साठला की त्यांना गादीच मिळाली. मग कसले आपटतात?" यावर ती म्हणाली, "असं होय." मशीनवाला गेला, मुलगाही "संध्याकाळी फोन करतो" म्हणून गेला, आणि ते 'असं होय' माशाच्या काट्यासारखं तिच्या घशात अडकून राहिलं. पाणी पिऊन गेलं नाही, खाकरून गेलं नाही.

कारण मशीनवाला अर्ध्या चड्डीत फिरत असेल तेव्हापासून ती फेस मोजत होती. एकोणतीस वर्षं मोजला. कपडे धुण्याच्या पावडरीचा कारखाना, त्याच्या मागच्या अंगाला प्रयोगशाळा, आणि तिथं उत्तरेकडच्या खिडकीशी तिचं टेबल. टेबलावर हातभर उंचीची काचेची नळी, नळीवर मिलिमीटरच्या रेघा. पावडरीचं पाणी वरून सोडायचं, ते खालच्या पाण्यावर पडून फेस चढायचा, कुठवर चढला ते लिहायचं. मग बरोबर पाच मिनिटं थांबायचं आणि किती उरला ते लिहायचं. दिवसाला चाळीस वेळा. नव्या माणसाला वाटायचं, हॅ, यात काय आहे, पोरखेळ. पण फेसाचा काठ कधी सरळ नसतो. कडेनं चढलेला असतो, मध्ये खचलेला असतो, आणि नेमकी कुठली रेघ धरायची यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. तिच्या डोळ्यांवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. दुसऱ्या पाळीतला एखादा आकडा पटला नाही की मोठे साहेब म्हणायचे, "फेसबाईंना दाखवा." हे नाव तिला आधी झोंबलं आणि मग अंगवळणी पडलं, इतकं की खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर ती वळायला एक क्षण उशीर करायची. नवऱ्याला ते नाव कधीच रुचलं नाही. चारचौघांत बायकोच्या नोकरीचा विषय निघाला की तो घाईनं म्हणायचा, "प्रयोगशाळेत असते ती," आणि हवापाण्याकडे वळायचा. ती लगेच पुस्ती जोडायची, "फेस मोजते." लोक हसायचे. तो बसखात्यात तिकीट तपासनीस होता, आणि फुकट्यांना पकडणं हे फेस मोजण्यापेक्षा भारदस्त काम आहे अशी त्याची मनापासून समजूत होती. घरी आल्यावर तो घुम्यासारखा बसायचा. ती भांडायची नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच सांगायची.

आणि फेसानं काही निघत नाही, हे तिला मशीनवाल्यानं सांगायचं होतं! मोठे साहेब तिला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "बाई, मळ काढते ती पावडर. फेस काही काढत नाही. पण गिऱ्हाईक डोळ्यांनी कपडे धुतं. बादलीत फेस दिसला नाही तर म्हणतं, फसवलं." म्हणून पावडरीत निव्वळ फेसासाठी म्हणून एक द्रव्य घालायचे, आणि ते किती घालायचं हे तिच्या वहीतल्या आकड्यांवर ठरायचं. म्हणजे देखावाच होता, आणि ती त्या देखाव्याची उंची मिलिमीटरनं मोजत होती, तीही प्रामाणिकपणे. तिला त्यात कधी विसंगती वाटली नाही. सकाळच्या उन्हात नळीतला फेस चढताना बघावा. आधी मोठे बुडबुडे, उतावळे, फुटून जाणारे. मग बारीक, दाट, पांढरा. उपयोग नाही म्हणून एखादी गोष्ट सुंदर नसते असं थोडंच आहे? नोकरीच्या शेवटच्या वर्षी नवी केमिस्ट आली. हुशार मुलगी, सगळ्यांना पटकन आवडली, तिलाही. हातात लहानशी बाटली घेऊन ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "मॅडम, आता फ्रंट लोडिंगसाठी पावडर करायचीय. फेस मारायचा." तिनं नेहमीप्रमाणे फेस चढवला, एकशे ऐंशीवर नेला. मुलीनं वरून एक थेंब टाकला. डोळ्याचं पातं लवायच्या आत एकशे ऐंशीचा फेस बसला. खाली नुसतं पाणी, किंचित गढूळ. "गेला," मुलगी खुशीत म्हणाली. "शून्य लिहा." तिनं शून्य लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. त्यानंतर अकरा महिने ती शून्यं लिहीत होती, कधी दोन, कधी तीन, आणि मग निवृत्त झाली. मशीनबरोबर जे पुस्तक येतं, त्यात फेसाविषयी जे चार शब्द असतात, तसलेच चार शब्द तिनं स्वतः तपासून दिलेले होते.

तेव्हा मंगळवारची गोष्ट चूक नव्हती. हे तिनं स्वतःशी अगदी स्वच्छ शब्दांत मांडून ठेवलं होतं, कारण बाकी सगळे मिळून तिला तिच्याच डोक्यातून बाहेर काढायला निघाले होते. मशीन मुलानं आणून दिलं होतं, मागच्या महिन्यात. बरोबर कमी फेसाच्या द्रवाची एक बाटली आली होती. तीन आठवडे तिनं तो द्रव अर्धं टोपण, नेमकं अर्धं टोपण घातला, आणि कपडे निघाले, तक्रारीला जागा नव्हती. फक्त धुणं चालू असताना ती काचेतून आत बघायची तर आत काही नसायचं. करडं पाणी आणि त्यात उठणारे, पडणारे कपडे. उठायचे, पडायचे. सोमवारी मुलाचा फोन आला. "आई, आमच्याकडची तुझी खोली रंगवून घेतली. पडदेही लावलेत. आता आपण फार विचार करायचा नाही." हा 'आपण' बाप गेल्यापासून त्याच्या तोंडात आला होता. 'आपण गोळी घेतली का', 'आपण दार नीट लावलं का'. आणि तो शब्द बोलताना त्याचा आवाज हळू व्हायचा, एकेक शब्द सुटा, जसं काही मध्ये खड्डे आहेत आणि तिला हात धरून पलीकडे न्यायचंय. ती म्हणाली, "बघू." मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर तिनं स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं निळं पाकीट काढलं. त्यांच्याच कारखान्याची, हातानं धुवायची पावडर. मशीनमध्ये दोन टॉवेल आणि एक उशीचा अभ्रा घातला. पावडर घातली चार मापं. एक घालून थांबली नाही, मोजून चार घातली. दार लावलं, बटण दाबलं, आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत आणून समोर मांडून बसली.

पहिली पाच मिनिटं विशेष काही झालं नाही. मग काचेच्या खालच्या कडेला पांढरी कड दिसली, ती वाढली, टॉवेल त्यात बुडाला, वर आला तो फेस घेऊनच वर आला. मग टॉवेल दिसेनासा झाला. अभ्रा तर कधीच गेला होता. काच पांढरी झाली, पूर्ण पांढरी, आणि त्या पांढऱ्यात आतून हलणारं काहीतरी, सावकाश फिरणारं. तिच्या तोंडून आपोआप आकडे येत होते, दीडशे, एकशे ऐंशी, दोनशे दहा. दोनशे दहा तिच्या एकोणतीस वर्षांत कधी झाला नव्हता. पावडर घालायच्या खणातून फेस बाहेर आला तो अगदी आढेवेढे घेत, आधी एक गोळा, मग त्यामागून ढकलत दुसरा, आणि मग मशीनच्या अंगावरून खाली उतरू लागला. ती उठली. बटण हाताच्या अंतरावर होतं. तिनं खाली वाकून चपला उचलल्या आणि बाजूला ठेवल्या, फेसाला वाट करून दिली, आणि परत येऊन बसली. सदुसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, बंद घरात, एकटी, ती मोठ्यानं हसली. किती वर्षांनी हसली ते सांगता येणार नाही, पण आपलंच हसू ऐकून तिनं मागं वळून पाहिलं होतं. नंतर पावलांना गार लागलं, फेसाखालून पाणी चाललं होतं, मोरीचा उंबरठा ओलांडून बाहेर, आणि तेही तिनं पाहिलं. आणि मग घंटी वाजली.

दारात खालच्या मजल्यावरचा घड्याळवाला उभा होता. खिडकीशी टेबल मांडून, डोळ्याला भिंग लावून तो घरीच घड्याळं दुरुस्त करतो. वयानं तिच्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान, आणि रागीट म्हणून सगळ्या इमारतीत मशहूर. जिन्यात सायकल लावल्यावरून त्यानं एकदा तीन मजल्यांशी एकाच वेळी अबोला धरला होता. त्याच्या खांद्यावर पाणी पडलेलं होतं. त्यानं आत पाहिलं, फेस पाहिला, आणि राग त्याच्या गळ्यापासून कानांपर्यंत चढताना तिला स्पष्ट दिसला. तिनं मनाची तयारीही केली. मग त्याची नजर तिच्याकडे गेली. पांढरे केस, अनवाणी पाय, पाय फेसात. आणि तो चढलेला राग औषधाचा थेंब पडल्यासारखा खाली बसला. "असू दे, वहिनी," तो म्हणाला. "वय झालं की होतं असं. तुम्ही बसा, घसराल." त्यानंच आत येऊन मशीन बंद केलं, त्यानंच मुलाला फोन लावला. फोनवरही तो हळू बोलत होता. ती खुर्चीवर बसून राहिली, आणि इतका अपमान तिला उभ्या जन्मात कुणी शिव्या दिल्या तेव्हाही वाटला नव्हता.

मग सगळे चांगले वागू लागले. कुणी म्हणजे कुणीच रागावलं नाही. मुलगा रागावला नाही, सून रागावली नाही. उलट सून फोनवर म्हणाली, "आई, मनाला लावून घेऊ नका, माझ्याही हातून होतं कधीकधी." मुलाकडे आता तीन गोष्टी जमा झाल्या होत्या. उन्हाळ्यात दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं, ते एक. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं, ते दोन. आणि आता मशीन. पहिल्या दोन तिला कबूल होत्या. ती विसरली होती. दुधाचं तर तिला नंतरही आठवलं नाही की ते तिनं कधी तापत ठेवलं होतं, आणि त्या दिवशी ती मनातून घाबरलीही होती. पण म्हणून तिसरंही त्याच माळेत ओवायचं? विसरते ती विसरते, आणि करते ती करते. रात्री अंथरुणावर पडल्यावर, सकाळी चहा गाळताना ती हेच घोळवत होती. चूक झाली म्हणावं तर ती म्हातारी ठरत होती, मुद्दाम केलं म्हणावं तर वेडी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मशीनवाल्यासमोर 'असं होय' म्हटलं तेही याचसाठी. मला माहीत आहे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग घातली कशाला? एकोणतीस वर्षं जिच्या डोळ्यांवर कारखाना चालला, तिनं अडाण्याचं सोंग घेतलं, आणि सोंग इतकं छान वठलं की मुलानं महिनाअखेरीची तारीख ठरवून टाकली. महिनाअखेर हे घर बंद करायचं आणि तिनं त्या रंगवलेल्या खोलीत जायचं.

मध्यस्थी सुनेनं केली. म्हणाली, आईंना एक संधी तरी द्या. योग्य पावडर कुठली, किती घालायची, हे त्यांचं त्यांना जमलं तर राहू देत अजून सहा महिने. मुलानं मान्य केलं. म्हणून शनिवारी सकाळी तो तिला मोठ्या दुकानात घेऊन गेला. दुकानाची ती अख्खी रांग धुण्याच्या सामानाची होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यानं तिला रांगेच्या मध्यावर उभं केलं. "घाई नाही," तो म्हणाला. "आपण नीट वाचायचं, आणि आपल्या मशीनला कुठलं चालेल ते उचलायचं. मी काही बोलणार नाही." आणि खरंच दोन पावलं मागं जाऊन, हाताची घडी घालून उभा राहिला. तो पहिलीत असताना ती अशीच उभी राहायची, पाढे म्हणवून घ्यायला. सातच्या पाढ्यात तो अडखळायचा, आणि ती ओठ मिटून धरायची, शब्द पुढं करायची नाही. पण तेव्हा त्यानं पाढा चुकवला म्हणून त्याला कुणी घराबाहेर काढणार नव्हतं. तिच्या मनात आलं, हा चांगला मुलगा आहे. यानं काहीही वाईट केलेलं नाही. आणि याच्या चांगुलपणाखाली माझा जीव चाललाय.

फळीवरचं वाचायला तिला चष्माही लागला नाही. रंगावरूनच कळत होतं. हे वरून दार असलेल्या मशीनचं, हे हाताचं, हे द्रव, ह्या एकेका धुण्याच्या तयार गोळ्या. उत्तर एका मिनिटाचं होतं. हात लांब करायचा, बाटली उचलायची, त्याच्या हातात द्यायची. तो म्हणेल, शाब्बास. सहा महिने मिळतील. सहा महिन्यांनी पुन्हा एक परीक्षा, गॅसची किंवा गोळ्यांची, आणि तीही ती पास होईल. आणि मंगळवार? मंगळवार कायमचा चूक म्हणून राहील. वय झालेल्या बाईची चूक, जी बाई नंतर शहाणी झाली आणि शिकली. तिला ती दुपार आठवली, ते दोनशे दहा, ते हसू. इतक्या वर्षांत निव्वळ स्वतःच्या मर्जीनं तिनं काय केलं होतं? तीच एक गोष्ट केली होती, आणि तीच तिच्या नावावर लागायची नाही. छे. असं पास होऊन नव्हतं राहायचं तिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे तिला कळत होतं, आणि कळत असूनही तिनं बाटली उचलली आणि मुलाकडे वळली.

"ही," ती म्हणाली. "रोजच्या कपड्यांना ही. अर्धं टोपण, आपलं पाणी हलकं आहे म्हणून अर्धं. जड पाणी असतं तर पाऊण घातलं असतं. पांढऱ्या चादरींना द्रव नको, त्यांना त्या तिथली पावडर, कमी फेसाची, एक माप. गोळ्या घेऊ नकोस. थंड पाण्याच्या झटपट धुण्यात त्या पुरत्या विरघळत नाहीत, बाहीत चिकटून राहतात. आणि महिन्यातून एकदा मशीन रिकामं चालवायचं, कडक पाण्यावर."

मुलाच्या हाताची घडी सुटली. चेहरा उजळला, अगदी लहानपणीसारखा. "अगं, हे सगळं कधी वाचलंस?"

"वाचलं नाही. नोकरी केली. हे मला मंगळवारीही माहीत होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी विसरले नव्हते. मुद्दाम घातली ती पावडर. मोजून चार मापं."

शेजारी एक बाई टोपल्या निवडत होती, ती थांबली. मुलगा एकदा आईकडे, एकदा बाटलीकडे बघत राहिला. "मुद्दाम? पण का?"

"मला फेस बघायचा होता."

क्षणभर, एकच क्षण, त्याचा आवाज चढला. "अगं, काय बोलतेस तू? घरभर पाणी, खाली काकांकडे पाणी, आणि तू म्हणतेस..." तिला बरं वाटलं. सतरा वर्षांचा असताना तो असा ओरडायचा, दारं आपटायचा, आणि त्या वेळी घरात दोन माणसं भांडत असायची, एक माणूस आणि एक पेशंट नव्हे. पण तेवढ्यात त्यानं स्वतःला सावरलं. तिला ते सावरणं दिसलं. त्यानं तिच्या कोपराला हात लावला, आणि हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "ठीक आहे. आपण सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन येऊ. नुसतं दाखवून येऊ, हं?"

परतीच्या वाटेवर ती गाडीत त्याच्या शेजारी बसली. तिच्या मांडीवर ती बाटली होती. खरं सांगितलं तर त्याचाही आजार झाला, तिच्या मनात येत होतं. आता काय उरलं? जे बोलेन ते लक्षण. गप्प बसले तरी लक्षण. तिला राग येत होता आणि त्या रागाला जायला जागा नव्हती, कारण तो बाहेर पडला असता तर डॉक्टरांना सांगायला आणखी एक गोष्ट झाली असती. मुलगा गाडी फार जपून चालवत होता. प्रत्येक वळणावर तो तिरक्या नजरेनं तिच्याकडे बघायचा. त्याचे डोळे पाणावलेले होते, आणि ते बघून तिला भडभडून आलं, पण म्हणून तिचं मन बदललं नाही. याला वाटतंय, आई हातातून चालली. आणि मी इथं याच्या शेजारी बसलेय, सबंध. हे याला कुणी सांगायचं? माझं तोंड तर आता साक्षीला चालत नाही. कुणाचं चालेल, याचा विचार करता करता इमारत आली. जिना चढताना ती पहिल्या मजल्यावर थांबली.

"आई, अजून एक मजला आहे," मुलगा मागून म्हणाला.

"मजले मोजता येतात मला," ती म्हणाली आणि घड्याळवाल्याची घंटी दाबली.

भिंग कपाळावर सरकवत घड्याळवाल्यानं दार उघडलं. तिला बघताच त्याचा चेहरा मऊ झाला. "या, वहिनी, या. सावकाश. बसा."

"बसत नाही. उभ्यानंच सांगते. मंगळवारी तुमच्याकडे पाणी आलं ते चुकून नाही आलं. मी मुद्दाम पावडर जास्त घातली होती. फेस बाहेर येणार हे मला ठाऊक होतं. तो येताना मी समोर बसून बघितला. बटण हाताशी होतं, बंद केलं नाही. खाली तुमचं घर आहे हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर बंद केलं असतं का, ते आज खात्रीनं सांगता येत नाही."

"काका, तुम्ही मनावर घेऊ नका," मुलगा मागून घाईनं म्हणाला. "हल्ली तिचं जरा..."

घड्याळवाला त्याच्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, तुटलेला भाग शोधताना बघतात तसा, बारीक डोळे करून. "मुद्दाम?"

"हो."

"कशासाठी?"

"फेस बघायला. दुसरं काही नाही."

त्यानं कपाळावरचं भिंग काढून हातात घेतलं. तिला भीती वाटली की आता पुन्हा तेच होणार, चेहरा मऊ होणार, असू दे वहिनी म्हणणार. तसं झालं तर मात्र तिच्यापाशी पुढं काही नव्हतं. मग त्याचे कान लाल होऊ लागले. "या इकडे," तो म्हणाला, आणि वळून तरातरा टेबलाशी गेला. खणातून त्यानं रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ काढलं आणि तिच्या नाकासमोर धरलं. तबकडी फुगली होती, आकडे डागाळून एकमेकांत गेले होते. "हे बघा. एका गिऱ्हाइकाच्या आजोबांचं. तीन आठवडे खपलो याच्यापायी. चालू झालं होतं. उघडं ठेवून मी चहा ठेवायला उठलो, आणि वरून धार. हे मी तुम्हाला दाखवलं नाही. का? तर म्हटलं, म्हातारं माणूस, चुकलं असेल, कशाला जिवाला घोर लावा. आणि तुम्ही वर खुर्ची टाकून मजा बघत होतात?"

"हो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते," ती म्हणाली. आणि वाटलीच. चार दिवस लोकांच्या दयेनं ती गुदमरली होती. आता लाज आली ती तोंडावर गार पाणी मारावं तशी आली, भरपूर, आणि सगळी तिची स्वतःची. तिनं मान खाली घातली नाही.

"काका, प्लीज," मुलगा मध्ये आला. "तिला कळत नाहीये ती काय..."

"यांना चांगलं कळतं," घड्याळवाला ओरडला, इतक्या मोठ्यानं की वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. "तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त कळतं. तू गप्प बस. मी यांच्याशी बोलतोय." आणि मग तो बोलतच सुटला. शेजाऱ्याची कदर नाही, दुसऱ्याच्या पोटावर पाय, एवढ्या शिकल्यासवरल्या बाईनं असं वागावं, पोरासोरांना शोभणार नाही. शब्द जसे सुचतील तसे येत होते, भराभर, मध्ये कुठं खड्डे नाहीत, कुठं हात धरणं नाही. ती ताठ उभी राहून त्यातला एकेक शब्द ऐकून घेत होती. मुलगा दारातच राहिला होता. तो घड्याळवाल्याकडे बघायचा, मग तिच्याकडे, मग पुन्हा घड्याळवाल्याकडे, आणि त्याला मध्ये बोलायला जागा मिळत नव्हती.

शेवटी घड्याळवाल्याचा दम संपला. त्यानं रुमालात घड्याळ गुंडाळलं. "ते गिऱ्हाईक सोमवारी दहाला येणारेय," तो म्हणाला. "मी काही तुमच्यावर पांघरूण घालणार नाही. तुम्ही इथं येऊन, समोर उभं राहून, त्याला तुमच्या तोंडानं सांगायचं. मुलाला पाठवायचं नाही."

"सोमवारी आम्हाला डॉक्टर..." मुलगा म्हणू लागला.

"दहाला येते," ती घड्याळवाल्याला म्हणाली. "लांब कुठं आहे? वरच तर राहते मी."